चकती अस्सल, पुस्तिका दुसऱ्याच पदार्थाची

अतिवाहकतेचा, म्हणजे खूप थंड केल्यावर पदार्थाचा विद्युत रोध नाहीसा होण्याचा, हा प्रयोगसंच वर्गात वापरायला लागून चार महिने झाले. यिट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडच्या दोन काळ्या चकत्या, चुंबक, चिमटा, तापमान मोजायला थर्मोकपल. द्रव नायट्रोजन आपला आपण आणायचा.

चकत्यांबद्दल तक्रार नाही. ७७ केल्विनच्या नायट्रोजनमध्ये बुडबुडे थांबेपर्यंत ठेवली की चुंबक वर तरंगतं, आणि ते चिमट्याने उचललं तर चकतीही खाली लटकत वर येते. दुसऱ्या चकतीला चार तारा जोडलेल्या आहेत. तिचा रोध ९२ केल्विनच्या आसपास धाडकन उतरतो. हा आकडा मुलांनी स्वतः काढला तेव्हा वर्ग एकदम गप्प झाला होता.

माझा राग आहे तो पुस्तिकेवर. तिच्यात म्हटलंय की इलेक्ट्रॉन जाताना स्फटिकाच्या जाळीतले धन आयन (धनभारित अणू) जरा त्याच्याकडे ओढले जातात, तिकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो आणि जोडी जमते; अशा जोड्या रोधाशिवाय वाहतात. हे बार्डीन, कूपर आणि श्रीफर या भौतिकशास्त्रज्ञांचं १९५७ चं स्पष्टीकरण. पारा, ॲल्युमिनियम, शिसं यांना ते चपखल बसतं. पण ही चकती त्या जातकुळीची नाहीच! शिशातल्या जोडीला दिशेचं सोयरसुतक नसतं; ऊर्जेची फट, म्हणजे जोडी तोडायला लागणारी ऊर्जा, सगळीकडे जवळपास सारखी. इथे जोडीचा आकार चार पाकळ्यांचा आहे. शेजारशेजारच्या पाकळ्यांची चिन्हं (जोडीच्या क्वांटम तरंगाची धन-ऋण चिन्हं) उलट, आणि मधल्या तिरक्या दिशांना फट शून्य. या आकारामुळे एकमेकांना ढकलणारे दोन इलेक्ट्रॉन एकाच अणूवर येणं टाळतात आणि तरीही जोडीनं राहतात, याचं मला दर वेळी नवल वाटतं.

चार पाकळ्यांच्या या आकाराचा पुरावाही याच पदार्थातला आहे. १९९४ मध्ये त्सुएई, कर्टली हे भौतिकशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन स्फटिक ठरावीक कोनांत जुळवून त्यांच्या सांध्यावर कडं घडवलं. त्यात चुंबकीय फ्लक्सचा (कड्यातून जाणाऱ्या चुंबकीय क्षेत्राचा) अर्धा क्वांटम, म्हणजे त्याच्या ठरावीक लहानात लहान हिश्शाचा अर्धा, आपोआप अडकलेला सापडला. साध्या, एकाच चिन्हाच्या जोडीत हे घडलं नसतं.

जोडी नेमकी कशामुळे जमते यावर अजून एकमत नाही. इलेक्ट्रॉनांच्या स्पिनचे (त्यांच्या अंगच्या चुंबकत्वाचे) चढउतार हे अनेकांना पटणारं उत्तर. पुस्तिकेत एवढं लिहिलं असतं तरी चाललं असतं.

आणखी एक, दमट हवा चकतीला बाधते. प्रयोगानंतर ती नीट कोरडी करून सिलिका जेलसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. संचात डबी नाही.

संच जरूर घ्या. पुस्तिकेतल्या त्या पानावर मी चार पाकळ्यांची आकृती काढून चिकटवली आहे, धन पाकळ्या लाल, ऋण निळ्या.