घाम न येऊ देण्याचं शिक्षण: फिन्सेची स्की मोहीम आणि त्यानंतरचे आठ महिने

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मी नॉर्वेतल्या हार्डांगरव्हिड्डा पठारावर आठ दिवसांच्या स्की मोहिमेला गेले होते. दोन गाइड, आम्ही आठ शिकाऊ, आणि प्रत्येकाच्या कमरेला बांधलेली सामानाची घसरगाडी. तिला तिकडे पल्क म्हणतात. ध्रुवीय थंडीत स्वतःला सांभाळून चालायचं कसं, राहायचं कसं, झोपायचं कसं, हे शिकवणारा हा कोर्स. परत आल्या आल्या लिहायचं मुद्दाम टाळलं, कारण तेव्हा मी पार भारावलेली होते. आता नोव्हेंबर संपत आलाय. काय अंगात मुरलं आणि काय निसटलं, ते आता सांगता येईल.

मी गेले स्कीइंग शिकायला. शिकून आले ते घाम न येऊ देणं.

कोल्हापुरात हे कुणाला पटवणं अवघड आहे. आमचे आण्णा तरुणपणी तालमीत जायचे. जोर-बैठका मारून अंगाखालची फरशी ओली झाली की वस्ताद खूश, हे मी लहानपणापासून ऐकत आले. घाम म्हणजे केलेल्या मेहनतीची पावती. मीही तशीच तयारी केली. शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे, तिथून जीपचे दोन जुने टायर घेतले. पापाच्या तिकटीजवळच्या एका चप्पल कारागिराकडून कॅनव्हास आणि चामड्याचा कमरपट्टा शिवून घेतला आणि सहा महिने पहाटे मातीच्या रस्त्यावर टायर ओढले. आधी एक टायर अर्धा तास, शेवटी दोन टायर तीन तास. घरी येताना शर्ट पिळावा असा भिजलेला असायचा आणि त्याचा मला अभिमान वाटायचा.

या तयारीबद्दल आधी सांगते, कारण जाणाऱ्यांना तिचाच उपयोग होईल. टायर ओढल्यानं कंबर, मांड्या आणि पाठ खरोखर तयार होते. पल्कमध्ये चाळीसेक किलो सामान असतानाही माझी पाठ एकदाही धरली नाही. पण टायर तोल शिकवत नाही. मी त्याआधी बर्फच पाहिलेला नव्हता, त्यामुळे पहिले दोन दिवस सतत पडण्यात गेले. गुलमर्गला किंवा औलीला जाऊन आठवडाभर मूलभूत स्कीइंग करून गेले असते तर ते दोन दिवस वाचले असते. तिथलं उतारावरचं स्कीइंग वेगळं, पण पडून उठायची सवय तरी झाली असती.

फिन्से हे ओस्लो ते बर्गन रेल्वेमार्गावरचं सर्वांत उंच स्टेशन, १२२२ मीटरवर. गावाला गाडीरस्ताच नाही. ओस्लोहून साडेचार तासांच्या आसपास रेल्वेनं प्रवास करायचा, आणि डब्यातून पाय खाली ठेवला की समोर गोठलेलं तळं आणि पलीकडे हार्डांगरयोकुलेन हिमनदी. ब्रिटिश ध्रुवीय मोहीमवीर शॅकल्टननं १९१४ मध्ये अंटार्क्टिकाला निघण्यापूर्वी आपल्या मोटर-स्लेजची चाचणी इथेच घेतली होती. झाड एकही नाही. वाऱ्याला अडवणारं काहीच नाही, आणि शिकायला हीच जागा का निवडतात ते पहिल्याच दुपारी कळलं.

पहिल्या दिवशी निघताना मी लोकरीचे दोन थर, त्यावर फ्लीस आणि वर वारारोधक अनोराक, म्हणजे टोपीवालं ढगळ जॅकेट, घालून उभी होते. गाइड बाईंनी फ्लीस काढायला लावलं. मी म्हटलं, थंडी वाजतेय. त्या म्हणाल्या, निघताना वाजलीच पाहिजे. मला ते पटलं नाही, पुढच्या चढाआधी मी गुपचूप फ्लीस परत चढवलं. चाळीस मिनिटांत आतून भिजले. थांबल्यावर पाचच मिनिटांत ते ओलेपण गार पडलं आणि मी थरथरायला लागले. पाणी हवेपेक्षा साधारण पंचवीस पटींनी जास्त वेगानं शरीरातली उष्णता ओढून नेतं, हे पुस्तकात वाचलं होतं. पाठीवर कळलं त्या दिवशी. संध्याकाळी अनोराक उलटा केला तर आतून पांढरं दव गोठलेलं होतं. माझाच घाम तो. तो वाळवायला तिथे ना ऊन, ना चूल. अंगाच्या उबेनंच वाळवायचा, म्हणजे रात्रीसाठी राखलेली ऊब त्यात घालवायची.

त्यानंतर मी त्या बाईंच्या तालावर चालायला लागले. पन्नास मिनिटं चाल, दहा मिनिटं थांबा. थांबलं की पहिल्यांदा पल्कमधलं पिसांचं जाड जॅकेट अंगातल्या सगळ्या कपड्यांवर चढवायचं, मग पाणी, मग खाणं. निघायच्या वेळी ते काढायचं. चढ दिसला की चढायच्या आधीच चेन उघडायची, टोपी बदलायची, वेग कमी करायचा. दमून थांबणं ही तिथे चूक मानतात. मला हे शिकायला चार दिवस लागले, कारण हळू चालताना मला सारखं आपण कामचुकारपणा करतोय असं वाटत होतं.

तंबूचं शिक्षण फार काटेकोर होतं आणि मला तेच सर्वांत आवडलं. बोगद्यासारखा लांबट तंबू, त्याच्या काठ्या अर्ध्या बसवलेल्याच ठेवून पल्कवर गुंडाळलेला. पिशवीतून काढायच्या आधी त्याचं एक टोक स्कीला बांधून ती स्की बर्फात रोवायची, मगच उलगडायचा. वाऱ्यात तंबू हातातून सुटला तर संपलं. मग शेपटीकडची बाजू वाऱ्याकडे करायची, पडद्यांवर बर्फ ओढायचा आणि ओसरीत फावड्यानं गुडघाभर खड्डा खणायचा. थंड हवा त्या खड्ड्यात उतरते आणि पाय सोडून बसताही येतं. हे आम्ही घड्याळ लावून पुन्हा पुन्हा केलं, मोठे हातमोजे घालून. हातमोज्यांना मनगटाला दोरी असते. ती दोरी मला आधी बालिश वाटली होती. तिसऱ्या दिवशी थर्मामीटरवर उणे १५ आणि वारा सेकंदाला दहा मीटर होता. अशा वेळी उघड्या कातडीला ते उणे २७ सारखं लागतं. त्या दिवशी माझ्यासमोर एकाचा मोजा निसटला आणि केवळ दोरीमुळे वाचला. त्याच दिवशी माझ्या गालावर पांढरा ठिपका आला, म्हणजे हिमदंशाची सुरुवात. मला जाणवलंही नाही, जोडीदारणीनं थांब्यावर पाहिला. ठिपका चोळायचा नाही, उघडा तळवा गालावर नुसता धरून ठेवायचा. रंग परत येईपर्यंत तिनं तो धरला. एकमेकांचे चेहरे पाहणं हा प्रत्येक थांब्याचा भाग आहे, ते शिष्टाचार म्हणून करत नाहीत.

स्टोव्हपाशी मात्र मी घरच्यासारखी होते. पेट्रोलसारख्या द्रव इंधनावरचा पंपाचा स्टोव्ह: आधी थोडं इंधन जाळून नळी तापवायची, मग झडप उघडायची. आमच्या आज्जीचा पितळी स्टोव्ह याच घराण्यातला. पंपातला चामड्याचा वॉशर वाळला की हवा भरत नाही, त्याला तेल लावायचं, हे मला कुणी शिकवावं लागलं नाही. नॉर्वेचा अमुंडसेन १९११ मध्ये सर्वांत आधी दक्षिण ध्रुवावर पोचला तेव्हा त्याच्याकडेही असेच पंपाचे प्रायमस स्टोव्ह होते, हे कळल्यावर आज्जीची फार आठवण आली. नवं होतं ते बर्फ वितळवणं. भांड्यात नुसता बर्फ घातला तर बूड करपतं, तळाला आधी थोडं पाणी हवं. आणि वेळ! एक किलो बर्फाचं शून्य अंशावरचं पाणी करायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात तेच पाणी ८० अंशांपर्यंत तापतं. दोघींचं जेवण आणि दुसऱ्या दिवसाचे थर्मास भरायला रोज संध्याकाळी दोन तास जायचे. त्या सगळ्या वेळात तंबूचा झरोका उघडा, कारण कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

खाण्याचं थोडक्यात. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून तिकडे नेता येत नाहीत, त्यामुळे तुपातले लाडू घरीच राहिले. शेंगदाण्याची चिक्की नेली, ती थंडीत दगड झाली. घरीच बारीक फोडून नेली असती तर चाललं असतं. दाण्याचा कूट आणि आपला गूळ मात्र सकाळच्या ओटच्या लापशीत उत्तम लागला, वर तिथलं लोणी.

हिमनदीला वळसा घालून फिन्सेला परतायचं ठरलं होतं. पाचव्या दिवशी दुपारनंतर जोराच्या वादळाचा अंदाज होता. गाइडनी सकाळीच आल्या वाटेनं मागे फिरायचं ठरवलं. त्या वेळी आकाश निळं होतं आणि मला फार वाईट वाटलं. इतक्या लांबून, इतका खर्च करून आलेली मी. नॉर्वेत डोंगरात जाणाऱ्यांसाठी नऊ नियम आहेत, ते शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. त्यातला आठवा मागे फिरण्याविषयी आहे: वेळेत फिरा, त्यात लाज नाही. तीन वाजता समोरची स्की दिसेनाशी झाली तेव्हा आम्ही तंबूत होतो आणि स्टोव्ह पेटलेला होता. त्या रात्री गाइडनी अमुंडसेनची गोष्ट सांगितली. १८९६ च्या हिवाळ्यात तो भावाबरोबर हेच पठार ओलांडायला निघाला आणि मरता मरता वाचला. रात्री तो बर्फात गोठून अडकला होता, भावानं खणून बाहेर काढलं. दक्षिण ध्रुवाच्या पंधरा वर्षं आधीचा हा माणूस याच वाऱ्यात शिकला.

तक्रार एकच, पण गंभीर. भाड्यानं मिळालेले बूट मागितलेल्या मापापेक्षा अर्ध्या नंबरानं लहान होते. दोन मोज्यांना जागा नाही म्हणजे रक्त खेळत नाही, आणि बोटं गेली तर त्यामुळेच जातात. पहिल्या संध्याकाळी सांगूनही बदली जोडी तिसऱ्या दिवशी मिळाली. तोवर एकाच मोज्यावर भागवलं, टाचेला फोड आला. आयोजकांनी नंतर माफी मागितली. तरी सांगते, बूट फिन्सेला पोचायच्या आधी घालून बघायचा आग्रह धरा.

आता या आठ महिन्यांबद्दल. जुलैत दरवर्षीप्रमाणे पन्हाळा ते पावनखिंड केलं. आमच्या दमट पावसात घाम टाळता येत नाही, ते तंत्र इथे चालत नाही. पण पन्नास-दहाची चाल चालली. पूर्वी पहिल्या दिवशी जोरात जाऊन दुसऱ्या दिवशी लंगडणारे आम्ही, या वेळी सगळे सारख्या दमात पोचलो. म्हाळुंगेवरून मसाई पठारावर चढलो तर धुकं इतकं की दहा पावलांपलीकडे काही नाही. दर वर्षी कुणाचा तरी गट तिथे गोल फिरतो. मी होकायंत्राची दिशा धरली, दोघांना पुढे-मागे ठेवलं, मागच्यानं पुढच्याची रेघ सरळ करत राहायचं. हार्डांगरव्हिड्डावर शिकवलेलं जसंच्या तसं. मोबाइल होकायंत्रापासून लांब ठेवायचा, नाहीतर सुई हलते, हे मला तीनदा ओरडून सांगावं लागलं. पठार सरळ पार झालं.

निसटलं ते स्कीइंग. सराव नाही, पाय विसरले असणार.

खर्च विमान, व्हिसा, कोर्स, भाडं आणि खरेदी धरून सव्वाचार लाखांच्या घरात गेला. तंबू, पल्क, स्की, झोपायची पिशवी यांतलं काहीही विकत घेऊ नका, भाड्यानंच घ्या. लोकरीचे आतले कपडे आणि हातमोजे मात्र स्वतःचे आणि चांगले हवेत. माझे लोकरीचे दोन जोड आठ महिन्यांत शंभर वेळा तरी धुतले असतील, पहाटे अजून तेच घालते. कापसाचं अंगाला लागेल असं काहीही नेऊ नका. आणि २००९ मध्ये सुमारे ९०० किलोमीटर स्की करत दक्षिण ध्रुवावर पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला रीना कौशल धर्मशक्तू यांचं नाव वाचून तुमच्याही मनात काही हललं असेल, तर वयाचा विचार करत बसू नका. मी ४१ ची आहे.

टायर अजून ओढते. आण्णा आता ७३ चे, ते काठी घेऊन बरोबर चालतात. गेल्या आठवड्यात चढावर मी जोर लावला तर मागून म्हणाले, "पोरी, दम खा की. घाम फुटायला लागलाय तुला." पट्ट्याची उजवीकडची शिलाई उसवलीय. जानेवारीत पुन्हा फिन्सेला निघायच्या आधी ती पापाच्या तिकटीला नेऊन दुहेरी करून घ्यायचीय.