ठेकेदाराची माणसं की मुदतीची थेट नोकरी?

रबाळे एमआयडीसीतल्या एका ओळखीच्या कारखानदाराला पॅकिंगसाठी बारा माणसं हवी होती. ठेकेदाराकडून घ्यावीत की वर्षाच्या करारावर स्वतःच नेमावीत, यावर त्यांचं अडलं होतं.

खर्चात ठेकेदार स्वस्त वाटतो, पण हिशेब मांडून बघा. पगार, १२ टक्के पीएफ आणि ३.२५ टक्के ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) तो तुमच्याकडूनच घेतो. वर त्याचं कमिशन आणि १८ टक्के जीएसटी. जीएसटीची वजावट मिळत असली तरी पैसा आधी गुंततो.

खरी गोम जबाबदारीत आहे. ठेकेदाराने पगार बुडवला किंवा पीएफ भरला नाही, तर कायदा मूळ मालकाला, म्हणजे तुम्हालाच धरतो. म्हणून दर महिन्याला पीएफचं चलन बघितल्याशिवाय त्याचं बिल पास करू नका. हे मी कळकळीने सांगते, कारण बुडतो तो कामगाराचा पैसा.

थेट नेमणुकीत हजेरी, नियुक्तिपत्र, रजा, सगळं तुमच्या अंगावर. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेनुसार मुदतीच्या कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीही द्यावी लागते. पण हात बसलेला माणूस टिकतो. ठेकेदाराकडे दर दोन महिन्यांनी नवा चेहरा, पुन्हा शिकवणं.

दिवाळीआधीच्या दोन महिन्यांच्या गर्दीसाठी कागदपत्रं चोख असलेला ठेकेदार चालेल. वर्षभर चालणाऱ्या लाइनवर, विशेषतः मशीनजवळ, थेटच नेमा. त्या कारखानदारांना मी आठ थेट आणि हंगामापुरते चार ठेकेदाराकडून, असं सुचवलं.