लेन्स खरी, कार्ड बनावट

हंपीच्या सहलीसाठी लेन्स घेताना मला फसवलं गेलं. लेन्स मात्र अस्सल आहे. फसवणूक झाली ती तिच्यासोबत दिलेल्या ‘कॉम्बो’त. सुट्टीच्या तोंडावर कॅमेऱ्याचं सामान घेणार असाल तर हे वाचाच.

हंपीत स्मारकांच्या आत परवानगीशिवाय ट्रायपॉड लावू देत नाहीत आणि मंडपांत उजेड कमी. म्हणून एफ/2.8 ची, म्हणजे कमी उजेडातही चालणारी, रुंद दृश्य टिपणारी वाइड झूम लेन्स हवी होती. दुकानात तासभर तीच तपासली: सीरियल नंबर, टॉर्च मारून काच, ऑटोफोकस. शेवटी दुकानदाराने 128 जीबीचं मेमरी कार्ड आणि यूव्ही फिल्टर (लेन्सपुढे लावायची काच) पुढे केलं. “साहेब, सेटमध्ये घ्या, स्वस्त पडेल.” पाकीट सीलबंद, नामांकित कंपनीचं.

सहलीहून घरी आल्यावर विरूपाक्ष मंदिराचे सुरुवातीचे फोटो तेवढे उघडले. विठ्ठल मंदिराचा दगडी रथ, मातंग टेकडीवरचा सूर्योदय, तुंगभद्रेकाठचं सगळं गेलं. फाइलींची नावं दिसतात, आत काहीच नाही. आईला पहिल्यांदाच हंपी दाखवली होती, तिचे फोटोही त्यातच होते.

डेटा रिकव्हरीवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं की कार्ड मुळात 8 जीबीचं आहे. आतल्या कंट्रोलर चिपमध्ये फेरफार केल्यामुळे ते 128 सांगतं. कॅमेरा त्यावर विश्वास ठेवतो आणि हजारो फोटोंची जागा शिल्लक दाखवतो. रॉ फाइल (फोटोची प्रक्रिया न केलेली मूळ फाइल) 25-30 एमबीची धरली तर तीनेकशे फोटोंतच खरी जागा संपते. पुढचं काही लिहिलंच जात नाही, त्यामुळे परत मिळवायला काही उरत नाही. फोटो काढल्या काढल्या स्क्रीनवर दिसतो तो कॅमेऱ्याच्या स्वतःच्या मेमरीतून, म्हणून जागेवर शंका येत नाही.

फिल्टरही तसाच. त्यात ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पाहा. मल्टिकोटेड, म्हणजे चकाकी कमी करणारे थर दिलेल्या काचेत ते फिकट हिरवं-जांभळं दिसतं. माझ्या फिल्टरमध्ये पांढरंशुभ्र दिसलं, म्हणजे साधी काच.

दुकानदार म्हणाला, “हे कार्ड आमचंच कशावरून?” बिलावर एकच ओळ होती, ‘लेन्स सेट’. तिथेच सगळं अडलं. लेन्स, कार्ड, फिल्टर, बॅटरी, प्रत्येकाची वेगळी ओळ आणि वेगळी किंमत लिहून घ्या. दुकानदार टाळाटाळ करू लागला तर सामान तिथेच ठेवून निघा.

नवं कार्ड सहलीआधी पूर्ण भरून परत वाचून पाहा. विंडोजवर एच2टेस्टडब्ल्यू, मॅक आणि लिनक्सवर एफ3 हे प्रोग्रॅम ही तपासणी फुकट करतात. मोठ्या कार्डाला वेळ लागतो, रात्री लावून झोपा.

फसलाच असाल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला 1915 वर फोन करा. ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि मोजलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. मी हेल्पलाइनला कळवलं आहे. कार्डाचे पैसे परत देऊन मिटवू, असा दुकानातून फोन आला. मी नकार दिला. तेच कार्ड ते उद्या दुसऱ्या कुणाच्या सेटमध्ये घालतील, म्हणून आयोगात तक्रार करतोय.