वर्गणी सुरू, पाककृती बंद

भुट्ट्याचा कीस, गराडू (हिवाळ्यात मिळणारा तळलेला कंद) आणि सराफा या रात्रीच्या खाऊबाजारातील इतर पदार्थांच्या पाककृती मराठीतून देणाऱ्या इंदूरच्या एका खाद्यलेखिकेच्या संकेतस्थळाची वार्षिक वर्गणी मी भरली आहे. मात्र गराडूचा हिवाळा सरत आला तरी तेथे ‘तांत्रिक अडचण’ एवढीच पाटी दिसते. लेखन उत्तम आहे. किसासाठी मका किती कोवळा हवा, हे इतक्या नेमकेपणाने क्वचितच कोणी सांगते. कारणे मात्र पटत नाहीत. सर्व्हर बदलल्यामुळे विलंब होत असल्याचे प्रथम कळविण्यात आले. परंतु डोमेन (संकेतस्थळाचा पत्ता) नव्या सर्व्हरकडे वळविल्यावर ती नोंद सर्वत्र पोहोचण्यास साधारणतः २४ ते ४८ तास पुरतात, महिने लागत नाहीत. पुढे सुरक्षा प्रमाणपत्राची मुदत संपल्याचे सांगितले गेले. असे प्रमाणपत्र लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून विनामूल्य मिळते आणि त्याचे नूतनीकरण आपोआप होण्याची सोयही करता येते. संकेतस्थळावर हल्ला झाला असेल, तर जपून ठेवलेली जुनी प्रत पुन्हा चढवता येते. प्रत ठेवलीच नसेल, तर तसे स्पष्ट सांगावे. वर्गणी भरण्याचे पान मात्र मी पाहिले तेव्हा प्रत्येक वेळी सुरळीत चालू होते (त्याच्यावर ग्रहांची कृपा असावी). पाककृती निदान ईमेलने पाठवाव्यात, ही माझी विनंती अद्याप अनुत्तरित आहे. तूर्त नवी वर्गणी कोणी भरू नये, आणि भरली असल्यास उरलेल्या महिन्यांचे पैसे लेखी मागावेत.