‘टर्बो गेलाय, मॅडम’

खंबाटकी घाटात दुसऱ्याच वळणावर गाडीने दम टाकला. २०२३ ची वसुबारस, मागच्या सीटवर वाईला न्यायचे फराळाचे डबे, आणि मागे एका ट्रकचा न थांबणारा भोंगा. पाय पूर्ण दाबला तरी इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा अडीच हजाराच्या वर सरकेना. एसी बंद केला, दुसऱ्या गिअरवर रडतखडत घाट चढले. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला. सुरूर फाट्याला गाडी बंद करून चहा घेतला, पुन्हा चालू केली, तर वाईपर्यंत काहीच झालं नसल्यासारखी पळाली.

टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. तो असलेल्या डिझेल गाडीत असं झालं की बऱ्याचदा ती पुरती बिघडलेली नसते, तिने स्वतःला आवरून धरलेलं असतं. आतल्या कॉम्प्युटरला काहीतरी खटकतं, तो डिझेल तोडतो आणि इंजिनाला जपून चालवतो. गाडी बंद-चालू केली की तो बऱ्याचदा पुन्हा नव्याने विश्वास टाकतो. हे मला आता कळलंय. तेव्हा मला एवढंच कळत होतं की गाडी जुनी झाली, १ लाख १४ हजार किलोमीटर झाले, काहीतरी मोठं निघणार. फसवणारा माणूस भेटायच्या आधी निम्मं काम माझ्या या भीतीनेच केलं होतं.

पुण्याला परतल्यावर सिंहगड रोडच्या पट्ट्यातल्या एका गॅरेजमध्ये गाडी टाकली. नाव लिहीत नाही. सोसायटीतल्या दोघातिघांच्या गाड्या तिथेच जातात. काचेची केबिन, कॉफीचं मशीन, मालक अतिशय गोड बोलणारा. त्याने स्कॅनर लावला आणि पडदा माझ्याकडे फिरवला. कोड होता पी ०२९९. ‘अंडरबूस्ट. टर्बो गेलाय, मॅडम.’

मी फिजिओथेरपिस्ट आहे. पायाला मुंग्या येतात म्हणून आलेल्या माणसाची मी आधी कंबर तपासते. पण त्या दिवशी पडद्यावरचा कोड मी निदान समजून बसले. कोड फक्त एवढंच सांगत होता की इंजिनाने जितका हवेचा दाब मागितला तितका मिळाला नाही. का मिळाला नाही, हे त्याला माहीत नसतं.

तरी मी म्हटलं, मला दाखवा. त्याने आढेवेढे न घेता दाखवलं, आणि इथेच मी पुरती अडकले. हवेचा पाइप सोडवून त्याने टर्बोचं तोंड उघडं केलं. आत बोटभर आकाराचं पंख्यासारखं चाक. त्याच्या मधला नट दोन बोटांत धरून त्याने वर-खाली हलवला. हलत होता, अगदी डोळ्याला दिसेल इतका. ‘बघा, प्ले आलाय. शाफ्ट गेला.’ मग खालच्या पाइपात बोट घालून बाहेर काढलं, काळं, तेलकट. ‘सील पण गेलं. हे तेल इंजिनात गेलं ना, तर इंजिनच बसेल.’ नवरा तेव्हा बंगळुरूला होता. त्याला पाठवायला म्हणून मी मोबाइलवर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ काढला. हातून झालेलं तेवढंच एक शहाणपणाचं काम, तेही अजाणता.

नवा टर्बो ६८ हजार. रिकन, म्हणजे जुना उघडून दुरुस्त केलेला, टाकला तर ३८,५००, सहा महिने वॉरंटी. एस्टिमेट व्हॉट्सॲपवर आलं. मी ‘रिकन’ म्हटलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी तयार. बॉनेटखाली टर्बोचं हाउसिंग, म्हणजे बाहेरचं कवच, चंदेरी, चकचकीत. जुना पार्ट मागितला तर म्हणाला, ‘तो एक्स्चेंजमध्ये जातो मॅडम, म्हणून तर हा रेट.’ हे खरंही असतं, रिकनवाले जुना टर्बो ठेवून घेतातच. म्हणून मी गप्प बसले. बिल मागितलं तर, ‘जीएसटी लावला तर अजून सात हजार जातील, कशाला?’ ऑइल, फिल्टर धरून ४३,२०० रुपये यूपीआयने दिले, तेही कुणाच्यातरी वैयक्तिक नंबरवर.

आठ दिवस गाडी झकास. नवव्या दिवशी कात्रजच्या नव्या बोगद्याच्या चढावर पुन्हा तेच, सोबत आरशात मागे काळा धूर आणि रेस दिली की बॉनेटखालून ‘फुस्स’ असा आवाज, सायकलच्या व्हॉल्व्हमधून हवा सोडावी तसा. गॅरेजमध्ये परत गेले. आता त्याचं निदान बदललं होतं. ‘इंजेक्टर असतील. चारही काढून बघायला लागतील.’ इंजेक्टर म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे भाग.

तिथून मी गाडी काढून घेतली, आणि याचं श्रेय माझ्या एका पेशंटला. हडपसर गाडीतळाच्या मागच्या बाजूला पिकअप आणि टेम्पो दुरुस्त करणारे एक मामा आहेत, त्यांना दाखवा म्हणाला. (पुण्यात मामा म्हणजे ट्रॅफिक पोलीस. हे ते नव्हेत.) पत्र्याची शेड, जमिनीवर तेल, बसायला एका गाडीची काढलेली सीट. साठीचे मामा माझं सगळं पुराण ऐकून म्हणाले, ‘ताई, टर्बोवर नंतर येऊ. आधी हवा कुठं जाती ते बघू.’

मामांनीही स्कॅनरच लावला, पण कोड वाचायला नाही. इंजिन बंद, नुसती चावी फिरवलेली, तेव्हा हवेच्या दाबाचा सेन्सर काय सांगतो ते पाहिलं. ९५ किलोपास्कलच्या आसपास. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंचावर, इथल्या मोकळ्या हवेचा दाब तेवढाच असतो. म्हणजे सेन्सर खोटं बोलत नाही. मग मला शेजारी बसवून सासवड रोडला एक चक्कर. तिसऱ्या गिअरवर पूर्ण दाबल्यावर गाडी मागत होती २१० किलोपास्कल आणि मिळत होते १४०.

परत येऊन त्यांनी एक अवजार काढलं. प्लंबिंगच्या प्लास्टिक पाइपचं टोपण, त्याला मधोमध ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेला. टर्बोच्या आधीचा पाइप काढून त्या तोंडावर हे टोपण क्लॅम्पने आवळलं, कॉम्प्रेसरची नळी लावून दहा-बारा पाउंड हवा भरली, आणि खाली वाकून सगळ्या पाइपांवर साबणाचं पाणी मारलं. टर्बोकडून इंटरकूलरकडे (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) जाणाऱ्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगाला, क्लॅम्पच्या कडेशी, भसाभसा फेस यायला लागला. पाइप काढला. बोटभर चीर. हातात धरला तर मिटलेली, वाकवला की मासळीच्या तोंडासारखी उघडायची. इंजिन संथ चालू असताना पाइपात दाबच नसतो, त्यामुळे गॅरेजमध्ये उभ्या गाडीत ती दिसत नाही. घाटात जोर लावला की उघडते, हवा बाहेर, आणि इंजिनात डिझेल जास्त, हवा कमी. काळा धूर त्याचाच.

इथपर्यंत मी मनात म्हणत होते, चला, आधीच्या माणसाला कळलं नसेल. मग मामांनी चिरेच्या कडेला नखाने खरवडलं. काळ्या टेपचा थर निघाला, तेलाने लिबलिबीत झालेला. ‘ही टेप पाच-सात वर्षांची न्हाई ताई. ताजी हाय.’

म्हणजे त्याला चीर सापडली होती. टेप गुंडाळली, कोड पुसला, म्हणून आठ दिवस गाडी पळाली. मग टर्बो?

टर्बोचं तोंड अजून उघडंच होतं. मी व्हिडिओ काढून मामांपुढे धरला. चाकाच्या एका पात्याच्या टोकाला बारीक खाच आहे, तांदळाच्या दाण्याएवढी, आणि नटाची एक कड घासलेली. बॅलन्सिंग करताना प्रत्येक चाकाला असं कुठेतरी घासतात, दोन टर्बोंमध्ये ते सारखं येत नाही. आत बॅटरी मारली. तीच खाच, तीच घासलेली कड. माझाच टर्बो, धुऊन, बाहेरून चंदेरी रंग मारून मला विकला होता.

आणि तो हलणारा शाफ्ट? मामांनी माझ्याच बोटांत नट दिला. वर-खाली थोडा हलणारच, म्हणाले. मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेणारा हा शाफ्ट तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो, त्या थरापुरती जागा बेअरिंगमध्ये ठेवलेलीच असते. इंजिन बंद असलं की तेलाचा दाब नाही, म्हणून बोटाला ती ढिलाई लागते. बघायचं असतं ते आत-बाहेर. तसा तो जराही सरकायला नको, आणि पाती कुठे भिंतीला घासलेली नकोत. पाइपातला तेलाचा ओशटपणाही नेहमीचाच. इंजिनाच्या पोटातली तेलकट वाफ पुन्हा हवेच्या वाटेने आत जाते, तिचा तो थर. खरंच टर्बो गेला तर निळसर धूर येतो, ऑइल कमी होत जातं, सायरनसारखी शीळ ऐकू येते. माझ्या गाडीत यातलं काहीच नव्हतं.

म्हणजे पहिल्या माणसाने मला दाखवलेली एकही गोष्ट खोटी नव्हती. कोड खरा, शाफ्ट हलत होता, तेल होतं. अर्थ तेवढा त्याने पदरचा लावला. ‘मला दाखवा’ म्हणून मी स्वतःला फार चाणाक्ष समजत होते, पण कशाकडे बघायचं हे ठाऊक नसलेल्या माणसाला दाखवणं अगदी सोपं असतं.

पाइप नाना पेठेतून आणला, १,८५० रुपये. मामांनी मजुरी सहाशे घेतली. मी हट्टाने बिल मागितलं तर त्यांना बिलबुक शोधायलाच दहा मिनिटं लागली.

कुणाची गाडी अशी ओढेनाशी झाली, तर टर्बोच्या आधी एअर फिल्टर, रबरी पाइप आणि त्यांचे क्लॅम्प, टर्बोकडे जाणारी व्हॅक्यूमची बारीक नळी, काजळी बसलेला दाबाचा सेन्सर, अडकलेला ईजीआर व्हॉल्व्ह (धुराचा काही भाग परत इंजिनात सोडणारा), तुंबलेला डिझेल फिल्टर, हे सगळं बघून घ्या. हवा भरून गळती तपासली का, हा एक प्रश्न विचारला तरी समोरचा माणूस किती पाण्यात आहे ते कळतं. पार्ट बदलायचा ठरला तर आधी त्याच्या नंबरच्या पट्टीचा आणि चाकाचा जवळून फोटो काढा, आणि जुना पार्ट एक्स्चेंजमध्ये जाणार असला तरी जायच्या आधी हातात घेऊन बघा.

पुढचं थोडक्यात. मालकाकडे गेले. आधी तो म्हणाला, ‘हाउसिंग तेच राहतं, आतली कार्ट्रिज नवी.’ कार्ट्रिज म्हणजे चाक, शाफ्ट आणि बेअरिंगचा आतला गाभा. रिकनमध्ये असं करतातही, त्यामुळे नंबरच्या पट्टीवरून मी हरलेच असते. पण पात्याची खाच कार्ट्रिजवरच असते. व्हिडिओ पाहिल्यावर कॉफी विचारायचं थांबलं. कार्ट्रिजच्या खरेदीचं बिल मागितलं, ते ‘अकाउंटंटकडे’ होतं. मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि रजिस्टर पोस्टाने नोटीस धाडली की पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत जाता येतं. पक्कं बिल नव्हतं, पण व्हॉट्सॲपवरचं एस्टिमेट, यूपीआयची नोंद, व्हिडिओ, फाटका पाइप आणि मामांचं बिल होतं.

बाराव्या दिवशी ३० हजार परत आले. उरलेले मजुरीचे म्हणे. आयोगात जायला हवं होतं असं नवरा अजून म्हणतो. मी दमले होते, सोडून दिलं. पैसे त्याच वैयक्तिक नंबरवरून आले आणि नोंदीत कारण लिहिलं होतं, ‘टर्बो परत’.