गिटारच्या फ्रेटबोर्डला लेमन ऑइल: नागपुरात अकरा महिने वापरल्यावर

मागच्या खंडेनवमीला घरातली हत्यारं, आईचं शिलाई मशीन आणि माझी गिटार पाटावर मांडली होती. हळदकुंकू वाहायला हात पुढे केला, तेव्हा खिडकीच्या उजेडात फ्रेटबोर्ड, म्हणजे बोटं दाबून वाजवायची लाकडी पट्टी, पहिल्यांदा नीट दिसला. पहिल्या चार-पाच फ्रेटच्या (पट्टीत आडव्या बसवलेल्या धातूच्या तुकड्यांच्या) कडेला राखाडी मळाचा थर साचला होता. नखानं खरवडलं तर मेणासारखी गुंडाळी निघाली. मधलं लाकूड मात्र फिकं पडून कोरडं ठक्क झालं होतं. बारा वर्षांपासून जिच्यावर माझे हात फिरतायत, तिची ही अवस्था पाहून फार वाईट वाटलं. त्याच आठवड्यात डनलॉप कंपनीचं ‘६५’ लेमन ऑइल, म्हणजे फ्रेटबोर्डला लावायचं तेल, मागवलं. तेव्हापासून आतापर्यंत काय काय केलं आणि त्यातलं काय उपयोगी पडलं, ते लिहितोय.

गिटार साधी अकूस्टिक आहे, मुंबईत नोकरीला असताना घेतलेली. फ्रेटबोर्ड इंडियन रोजवूडचा, म्हणजे आपल्या शिसवाचा. आजीच्या घरातलं शिसवी कपाट आणि ही पट्टी एकाच जातीच्या लाकडाची. फरक एवढाच की कपाटाला पॉलिश असतं आणि फ्रेटबोर्डचं लाकूड उघडं असतं. बोटांचा घाम, तेल, मेलेली त्वचा सगळं थेट त्याच्या रेषांमध्ये जातं. म्हणून तेल लावायचा प्रश्न शिसव, एबनी अशा उघड्या लाकडांपुरताच येतो. मेपलच्या पिवळट, चकचकीत फ्रेटबोर्डवर लॅकरचा थर असतो. त्याला तेल लावून काही उपयोग नाही, किंचित ओलसर फडक्यानं पुसला की झालं.

आधीची एक चूक सांगतो, कारण ती अनेक जण करतात. काही वर्षांपूर्वी घरात होतं म्हणून खोबरेल लावलं होतं. आठवडाभर लाकूड काळंभोर, सुंदर दिसलं. मग नागपूरची थंडी पडली आणि खोबरेल लाकडाच्या बारीक रेषांमध्ये थिजून पांढरं दिसायला लागलं. उन्हाळ्यात ते वितळलं, त्यावर धूळ बसली, आणि पुढे खवट वास यायला लागला. ऑलिव्ह ऑइलची गत वेगळी नाही, खायची तेलं लाकडात राहिली की कधीतरी खवटतात. ओळखीच्या सुतारानं जवसाचं तेल सुचवलं होतं. फर्निचरला ते उत्तमच, पण ते हवेत सुकून कडक होतं. फ्रेटबोर्डवर दरवर्षी लावत गेलं तर थरावर थर चढून चिकटा होतो. शिवाय त्या तेलाचे बोळे चुरगळून टाकले तर आपोआप पेट घेऊ शकतात. घरात लहान मुलं असतील तर ती जोखीम कशाला?

आता साफसफाई. माझ्या मते सगळा जीव यातच आहे. सगळ्या तारा काढल्या. सगळ्या एकदम काढल्या तर नेक (गिटारची मान) वाकतो, असं पुष्कळांनी घाबरवलं होतं. तासाभरासाठी काही होत नाही, तारा परत चढवल्या की नेक जागेवर येतो. मग जुन्या एटीएम कार्डाचा कोपरा कापून टोकदार केला आणि फ्रेटच्या कडेनं हळूहळू ओढत गेलो. पहिल्या ते पाचव्या फ्रेटपर्यंत एवढा मळ निघाला की कागदावर काळ्या शेवेसारख्या गुंडाळ्या पडल्या. तिथेच का, तर माझ्या सगळ्या ओपन कॉर्ड (काही तारा मोकळ्या ठेवून एकत्र वाजवायचे सूर) तिथेच वाजतात. बाराव्या फ्रेटच्या पुढे जवळजवळ काहीच नव्हतं. कार्डानं निघालं नाही ते लाकडी टूथपिकनं काढलं. चाकू किंवा स्क्रू-ड्रायव्हर कृपया लावू नका, शिसवावर एकदा पडलेला ओरखडा जात नाही.

त्यानंतर घट्ट पिळलेल्या फडक्यानं एकदा पुसून लगेच कोरड्या फडक्यानं पुसलं. पाणी लाकडावर रेंगाळू द्यायचं नाही. मग ०००० नंबरची स्टील वूल. हा सगळ्यात मऊ नंबर, भांडी घासायच्या तारेशी त्याची तुलनाच नको. लाकडाच्या रेषेच्या दिशेनं, म्हणजे नटकडून (मानेच्या वरच्या टोकाकडून) बॉडीकडे, अगदी हलक्या हातानं फिरवली. लाकडाबरोबर फ्रेटही उजळले. फ्रेटच्या तारेला निकेल सिल्व्हर म्हणतात, पण त्यात चांदी नावालाही नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं. तांब्यामुळेच फ्रेटच्या मुळाशी हिरवट डाग धरतात. ते सगळे गेले. स्टील वूलचा बारीक चुरा पिकअपच्या (तारांची कंपनं टिपणाऱ्या भागाच्या) चुंबकाला चिकटतो, म्हणून इलेक्ट्रिक गिटार असेल तर पिकअप मास्किंग टेपनं पूर्ण झाका. मी अकूस्टिकच्या भोकावरही टेप लावली होती, चुरा आत पडला तर काढणार कसा? फ्रेट चमकवायला घरातली पितळेची पॉलिश वापरायची असेल तर लाकडावर टेप हवीच, नाहीतर तिची पांढरी पूड रेषांमध्ये जाऊन बसते.

आता तेल. सुती फडक्यावर चार-पाच थेंब, बस्स. एवढं सगळ्या पट्टीला पुरतं. पाच मिनिटं थांबलो, मग कोरड्या फडक्यानं जितकं निघेल तितकं पुसून काढलं. पहिल्या वेळी लाकूड इतकं कोरडं होतं की मधले भाग लगेच मॅट झाले, तिथे आणखी दोन थेंब लागले. रंग एकदम गडद चॉकलेटी झाला आणि लाकडाची नक्षी वर आली. ती नक्षी या गिटारवर मी आधी कधी पाहिलीच नव्हती. तारा चढवून वाजवलं तेव्हा बोट सरकताना पूर्वीची खरखर नव्हती. भाची माझ्याकडेच शिकते. तिनं पहिलीच कॉर्ड धरली आणि म्हणाली, ‘मामा, ही नवी आणली का?’

नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळं छान चाललं. रंग दोन महिन्यांत थोडा उतरला, पण लाकूड पूर्वीइतकं फिकं पडलं नाही. खरी परीक्षा मे महिन्यात झाली. डावा हात नेकवरून खाली आणला की फ्रेटची टोकं तळहाताला टोचायला लागली. मला वाटलं, लाकूड पुन्हा कोरडं पडलं, तेल कमी झालं असेल. पुन्हा तेल लावलं. लाकूड काळंभोर दिसलं, टोकं मात्र तशीच टोचत होती. चार दिवसांनी आणखी एकदा लावलं, तेही वाया गेलं.

मग एक छोटा हायग्रोमीटर आणून गिटारच्या खोलीत ठेवला. दुपारी आर्द्रता १८ टक्के! रात्री कूलर सुरू झाला की तीच ६५ ते ७०. गिटार बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या साधारण ४५ ते ५५ टक्के सांगतात. म्हणजे माझ्या शिसवाला रोज चोवीस तासांत कोरड्या भट्टीतून ओल्या हवेत आणि परत भट्टीत जावं लागत होतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. लाकूड आकसतं ते त्यातलं पाणी उडाल्यामुळे. तेल लाकडाला पाणी देत नाही. वरच्या रेषा भरतं, रंग गडद करतं, पाण्याची ये-जा थोडी मंद करतं, एवढंच त्याचं काम. धातूचा फ्रेट आहे तेवढाच राहतो, पट्टी अरुंद होते आणि टोकं बाहेर येतात. त्यावर इलाज हवेचा आहे, बाटलीतला नाही.

साबणाची जुनी प्लास्टिकची डबी घेतली, तिला भोकं पाडली, आत पिळलेला स्पंज ठेवला आणि ती गिटारच्या हार्ड केसमध्ये हेडच्या (खुंट्या असलेल्या टोकाच्या) बाजूला ठेवली. पाणी गळणार नाही इतका स्पंज पिळायचा. वाजवून झालं की गिटार केसमध्ये, केस बंद. कूलरची हवा थेट तिच्यावर येऊ द्यायची नाही. दहा-बारा दिवसांत टोचणं बरंच कमी झालं. तरीही घाई करून मी गिटार वाद्य दुरुस्तीवाल्या काकांकडे घेऊन गेलो. त्यांनी नेकच्या कडेवरून अंगठा फिरवला आणि कानस हातात घेतलीच नाही. म्हणाले, ‘आता घासलं तर पावसाळ्यात लाकूड फुगेल आणि टोकं आत जातील. पाऊस पडू द्या, मग आणा.’ ऑगस्टमध्ये नेली तेव्हा फक्त दोनच फ्रेटची टोकं बाहेर होती, तेवढीच त्यांनी घासून गोल केली. त्या दिवशी त्यांनी कानस लावली असती तर सगळीच घासली गेली असती.

एक प्रयोगही केला. बाजारातल्या बहुतेक लेमन ऑइलमध्ये मुख्य भाग खनिज तेलाचा असतो, असं वाचलं होतं. म्हणून औषधाच्या दुकानातून लिक्विड पॅराफिन आणलं, तेच जे पोट साफ व्हायला देतात. बाराव्या फ्रेटपर्यंत लेमन ऑइल, त्यापुढे पॅराफिन. दोन महिन्यांनंतर रंगात, स्पर्शात मला काहीही फरक सांगता आला नाही. लेमन ऑइलनं राहिलेला चिकटा थोडा सहज निघतो आणि वास प्रसन्न आहे. पैसे वाचवायचे असतील तर पॅराफिन बिनधास्त वापरा, ते खवटत नाही.

नवीन गिटारवाल्यांसाठी एक गोष्ट. भाचीची मैत्रीण तिची नवी, स्वस्तातली गिटार घेऊन आली होती. फ्रेटबोर्ड एकदम काळा. तेलाचं फडकं फिरवलं आणि फडकं शाईत बुडवल्यासारखं झालं. फिकं लाकूड काळ्या रंगानं रंगवलेलं होतं. लगेच थांबलो. अशा पट्टीला तेल लावू नका, आधी कडेला एक थेंब टाकून फडकं पाहा. नव्या गिटारवर शिसवाऐवजी दुसरं लाकूडही असू शकतं. २ जानेवारी २०१७ पासून शिसवाच्या संपूर्ण जातीवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, तेव्हा अनेक कंपन्या पाव फेरो, लॉरेलसारख्या लाकडांकडे वळल्या. २०१९ च्या शेवटी तयार वाद्यांना सूट मिळाली, पण ती लाकडं बाजारात राहिलीच. तीही उघडी असली तर सफाईची पद्धत हीच.

अकरा महिन्यांत बाटली पाव भागही उतरलेली नाही, आणि मे महिन्यातले दोन हात तर मी वायाच घालवले. ११८ मिलीची ही बाटली मला कित्येक वर्षं पुरेल. मी आता तेल वर्षातून दोनदाच लावणार, दिवाळीच्या सुमारास आणि मार्चच्या शेवटी, तारा बदलायच्या दिवशी. रोज मात्र वाजवण्याआधी साबणानं हात धुतो आणि वाजवून झाल्यावर तारा व पट्टी कोरड्या फडक्यानं पुसतो. भाचीलाही तीच सवय लावून दिलीय, विशेषतः चिवडा खाऊन आल्यावर. या अकरा महिन्यांत फ्रेटच्या कडेला मळाची रेघ पुन्हा धरलेली नाही, आणि त्याचं श्रेय मी त्या फडक्याला देतो.

पुढच्या आठवड्यात पुन्हा खंडेनवमी. गिटार पाटावर असेलच, पण या वेळी हळदकुंकू हेडच्या मागच्या पॉलिश केलेल्या बाजूला लावणार आहे. मागच्या वर्षीची हळद तिसऱ्या फ्रेटजवळ शिसवाच्या रेषांमध्ये बसली, ती टूथपिकनं काढायला मला अर्धी दुपार लागली होती.