चामखिळीसाठी पोटातून घ्यायची औषधे: झिंक, लेव्हामिसोल, थुजा आणि ‘इम्युनिटी’ सिरप

चामखीळ घालवण्यासाठी पोटातून घेण्याची जी औषधे आज दुकानांत मिळतात, त्यांपैकी थोडाफार भरवसा ठेवावा असे मला एकच वाटते, ते म्हणजे झिंक (जस्त). आणि तेही योग्य मात्रेत, योग्य रुग्णाला, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले तरच. लेव्हामिसोल हे रक्ततपासणीशिवाय घेऊ नये असे औषध आहे, सिमेटिडीनचा काळ सरला आहे, थुजा या होमिओपॅथीच्या गोळ्यांचा उपयोग तपासणीत टिकलेला नाही, आणि ‘इम्युनिटी वाढवणारी’ म्हणून विकली जाणारी सिरपे या आजारासाठी घेऊच नयेत. मी चोपडा-यावल भागात औषधांचे दुकान चालवतो. केळीच्या बागेत राबणारे मजूर, शाळकरी मुले, आणि आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास लग्नसराई सुरू झाली की हातावरची चामखीळ तारखेच्या आत जावी म्हणून घाईने येणारी मुले-मुली, या सर्वांचा प्रश्न एकच असतो: लावायचे औषध नको, पोटातून घ्यायची काही गोळी आहे का? त्या प्रश्नाचे सविस्तर उत्तर देता यावे म्हणून हे परीक्षण लिहीत आहे.

आधी आजाराविषयी. चामखीळ ही मानवी पॅपिलोमा विषाणूमुळे होते. या विषाणूचे २०० हून अधिक प्रकार माहीत आहेत. हातांवरच्या खरखरीत चामखिळींत बहुधा २, ४, २७ आणि ५७ हे क्रमांक आढळतात, तळपायात १ क्रमांकाचा प्रकार नेहमीचा आहे, तर चेहऱ्यावरच्या चपट्या चामखिळी ३ आणि १० या प्रकारांच्या असतात. हा विषाणू त्वचेच्या वरच्या थरातच राहतो. तो रक्तात उतरत नाही, पेशी फोडून बाहेर पडत नाही, सूज आणत नाही; त्यामुळे शरीराच्या पहारेकरी पेशींना त्याचा पत्ताच उशिरा लागतो. एरवी धडधाकट असलेल्या शेतमजुराच्या हातावर डझनभर चामखिळी असू शकतात त्या यामुळेच. त्याची प्रतिकारशक्ती कमकुवत नसते, तिच्या नजरेत शत्रू आलेला नसतो, एवढेच. ज्या दिवशी तो नजरेत येतो त्यानंतर काही आठवड्यांत चामखिळी आपोआप झडून जातात, आणि मुलांमध्ये तर सुमारे दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांच्या आत कोणत्याही औषधाशिवाय जातात.

या एका गोष्टीमुळे चामखिळीवरच्या प्रत्येक औषधाची पारख अवघड होऊन बसते. ज्याने त्या सुमारास थुजा घेतली तो थुजाचे गुण गातो, ज्याने घोड्याचा केस बांधला तो केसाचे, आणि ज्याने नवस बोलला तो देवाचे. म्हणून एखाद्या गोळीने ‘माझ्या भाच्याची चामखीळ गेली’ एवढ्यावर तिची किंमत ठरवता येत नाही. निम्म्या रुग्णांना खरे औषध आणि निम्म्यांना तशीच दिसणारी कोरी गोळी देऊन जो फरक दिसेल, तोच काय तो औषधाचा गुण.

झिंकच्या बाबतीत असा फरक दिसला आहे. बगदादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या चामखिळींच्या रुग्णांना किलोमागे १० मिलिग्रॅम झिंक सल्फेट, दिवसाला जास्तीत जास्त ६०० मिलिग्रॅम, तीन भागांत विभागून दिले गेले. दोन महिन्यांत झिंक घेणाऱ्यांपैकी सुमारे ८७ टक्क्यांच्या चामखिळी पूर्ण गेल्या आणि कोरी गोळी घेणाऱ्यांपैकी एकाच्याही गेल्या नाहीत. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण तो वाचताना दोन गोष्टी विसरू नयेत. चाचणीत नाव घातलेल्या ८० जणांपैकी शेवटपर्यंत टिकले ते ४३, आणि त्या रुग्णांच्या रक्तात झिंकचे प्रमाण मुळातच कमी आढळले होते. त्यानंतरच्या काही चाचण्यांत फायदा दिसला, काहींत तो कोऱ्या गोळीपेक्षा फारसा वेगळा निघाला नाही. मला यातून असे वाटते की झिंक हे अतिरिक्त बळ देणारे औषध नसून कमतरता भरून काढणारे औषध आहे: ज्याच्या शरीरात झिंक कमी आहे त्याच्या प्रतिकारपेशी ते मिळाल्यावर नीट काम करू लागतात, ज्याच्यात पुरेसे आहे त्याला जास्तीच्या गोळीने फारसे काही मिळत नाही. आपल्याकडे ज्वारी-बाजरीची भाकरी आणि डाळ हा मुख्य आहार असून मांसाहार बेताचा असलेली घरे पुष्कळ आहेत, आणि धान्य-डाळींतील फायटेट हा घटक झिंकला बांधून ठेवतो. तेव्हा ही कमतरता खानदेशात अनेकांत असणे नवलाचे नाही.

आता गोळ्यांच्या पट्टीवरच्या मजकुराकडे वळू, कारण घोटाळा होतो तो इथे. झिंकच्या पट्टीवर दोन आकडे असू शकतात: एक क्षाराचा, म्हणजे झिंक ज्या संयुगाच्या रूपात असते त्याचा, आणि एक त्यातील प्रत्यक्ष झिंक या धातूचा. झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट २२० मिलिग्रॅम घेतले तर त्यात प्रत्यक्ष झिंक ५० मिलिग्रॅमच असते. मोनोहायड्रेट असेल तर ६१.८ मिलिग्रॅममध्ये साधारण २२.५ मिलिग्रॅम. काही पट्ट्यांवर झिंक अ‍ॅसिटेट लिहून त्याखाली बारीक अक्षरांत ‘प्रत्यक्ष झिंक ५० मिलिग्रॅम’ अशा अर्थाची ओळ असते. चाचणीतली किलोमागे १० मिलिग्रॅम ही मात्रा क्षाराची आहे. प्रत्यक्ष झिंकच्या हिशेबात ती किलोमागे सुमारे सव्वादोन ते अडीच मिलिग्रॅम होते. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० मिलिग्रॅमच्या साधारण पावणेतीन गोळ्या, आणि २० किलोच्या मुलाला सुमारे ४५ मिलिग्रॅम. मोबाइलवर वाचून कोणी ‘किलोमागे १०’ हा आकडा प्रत्यक्ष झिंकला लावला, तर तो चौपटीहून अधिक औषध पोटात घेतो. असा हिशेब कागदावर मांडून आलेले ग्राहक मी पाहिले आहेत, आणि त्यांना गोळ्या देण्याआधी डॉक्टरांकडे परत पाठवणे हेच दुकानदाराचे काम आहे असे मी मानतो.

चौपट मात्रा दूरच राहो, चाचणीतली मात्राही लहान नाही. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाची रोजची झिंकची गरज १७ मिलिग्रॅम आणि स्त्रीची १३.२ मिलिग्रॅम आहे, तर दीर्घकाळ घेताना ४० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडू नये असे मानले जाते. चामखिळीसाठी दिली जाणारी पूर्ण मात्रा त्या मर्यादेच्या तिपटीहून अधिक भरते. दोन महिन्यांच्या मुदतीत, डॉक्टरांच्या सल्ल्याने, हे चालू शकते. पण ‘शक्तीची गोळी’ म्हणून सहा-आठ महिने तशीच चालू ठेवली तर आतड्यातून तांबे शोषले जाणे घटते, आणि तांब्याच्या कमतरतेतून रक्तक्षय व नसांचे विकार उद्भवू शकतात.

रुग्णाची खरी तक्रार मात्र मळमळीची असते. झिंक रिकाम्या पोटी सर्वांत चांगले शोषले जाते आणि रिकाम्या पोटीच ते सर्वांत जास्त ढवळते. सकाळी उठल्या उठल्या गोळी घेऊन शेतात गेलेला माणूस बांधावर ओकतो आणि दुसऱ्या दिवसापासून गोळी बंद करतो. भरल्या पोटी, कळण्याच्या भाकरीबरोबर घेतली तर मळमळत नाही, परंतु भाकरीतले फायटेट गोळीचा बराच भाग अडवते. मी मधला मार्ग सुचवतो: दिवसाची मात्रा तीन भागांत वाटून घ्यावी आणि प्रत्येक भाग हलक्या खाण्यानंतर, भात किंवा केळ्यासारख्या पदार्थावर घ्यावा; दूध, लोहाच्या गोळ्या आणि कॅल्शियम यांच्यापासून दोन-तीन तासांचे अंतर ठेवावे. डॉक्सिसायक्लिन किंवा सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण झिंक या प्रतिजैविकांना पोटातच बांधून टाकते. लहान मुलांसाठी, जुलाबात १४ दिवस दिली जाणारी २० मिलिग्रॅमची पाण्यात विरघळणारी गोळी सोयीची पडते. आशाताईंमुळे ती घरोघरी माहीत आहे आणि स्वस्तही आहे. चामखिळीसाठी महागड्या बाटलीतून झिंक घेण्याचे मला काहीच कारण दिसत नाही.

लेव्हामिसोल या औषधाविषयी मला काळजी वाटते, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो. हे मुळात जंतांचे औषध. प्रौढाला १५० मिलिग्रॅमची एक गोळी एकदाच, असे ते पिढ्यान्‌पिढ्या दिले गेले आहे आणि त्यामुळे ते निरुपद्रवी असल्याचा समज घट्ट बसला आहे. चामखिळीसाठी मात्र ते वेगळ्या रीतीने देतात: किलोमागे अडीच मिलिग्रॅम, ओळीने तीन दिवस, दर पंधरवड्याला, आणि असे काही महिने. त्याने पांढऱ्या पेशींचे काम सुधारते असे मानले जाते. चाचण्यांचे निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत. धोक्याबाबत असा गोंधळ नाही. काही रुग्णांत ते पांढऱ्या पेशी अचानक जवळजवळ नाहीशा करते, आणि मग साधा घसादुखीचा ताप जिवावर बेतू शकतो. याच कारणास्तव अमेरिकेत २००० मध्ये ते माणसांसाठी वापरणे बंद झाले. जी चामखीळ दोन वर्षांत बहुधा आपोआप जाणार आहे, तिच्यासाठी एवढी जोखीम पत्करणे मला पटत नाही. डॉक्टरांनी विचारपूर्वक दिलेच असेल तर अधूनमधून रक्तातील पेशींची तपासणी करून घ्यावी, ताप किंवा घसादुखी दिसताच गोळी थांबवून डॉक्टरांकडे जावे, आणि त्या काळात दारू घेऊ नये. जुन्या चिठ्ठीवर हे औषध पुन्हा पुन्हा नेणे तर सर्वथा अयोग्य आहे.

सिमेटिडीन हे आम्लपित्ताचे जुने औषध. १९९० च्या दशकात मुलांच्या चामखिळी त्याने जातात असा बोलबाला झाला, पुढे कोऱ्या गोळीशी तुलना झाली तेव्हा फरक उरला नाही. ते इतर अनेक औषधांचे, विशेषतः फिट्सच्या फेनिटॉइनचे आणि रक्त पातळ करणाऱ्या वॉरफेरिनचे, रक्तातील प्रमाण वाढवते. चामखिळीसाठी ते घेण्याचे कारण उरलेले नाही.

थुजावर खानदेशातल्या लोकांची मोठी श्रद्धा आहे आणि त्या श्रद्धेचा अवमान करण्याचा माझा हेतू नाही. परंतु कॅनडात १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तळपायाच्या चामखिळींवर थुजासह होमिओपॅथीची औषधे देऊन पाहिली, तेव्हा ती कोऱ्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. साबुदाण्यासारख्या त्या गोळ्यांनी सहसा अपायही होत नाही. तोटा होतो तो वेळेचा, कारण दरम्यान चामखीळ पसरू शकते.

राहिली ती ‘इम्युनिटी’ सिरपे आणि चूर्णे. त्यांवर गुळवेल, आवळा, अश्वगंधा, तुळस अशी नावे असतात आणि चामखिळीचा उल्लेख बहुधा नसतोच. तो उल्लेख विकणारा तोंडी जोडतो. यांपैकी कोणत्याही मिश्रणाने चामखीळ जाते असे दाखवणारा भरवशाचा पुरावा माझ्या वाचनात नाही. उलट २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल नियमित घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला सूज आल्याचे नोंदवले. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही, हेही खरे. पण ज्यांना आधीच थायरॉइड, मधुमेह किंवा यकृताचा त्रास आहे त्यांनी दीर्घकाळ असे सिरप घेण्याआधी डॉक्टरांना विचारलेच पाहिजे. या बाटल्यांवर महिन्याला जेवढे पैसे जातात, तेवढ्यात बाहेरून लावण्याचा पूर्ण उपचार होतो.

तो उपचार म्हणजे सॅलिसिलिक अ‍ॅसिड. १६.७ टक्के सॅलिसिलिक आणि तेवढेच लॅक्टिक अ‍ॅसिड असलेली छोटी बाटली शे-दोनशे रुपयांच्या घरात मिळते, आणि २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात) लावण्याच्या उपचारांपैकी सर्वांत भक्कम पुरावा याच औषधाच्या बाजूने आढळला. रात्री दहा मिनिटे कोमट पाण्यात भाग भिजवावा, मऊ झालेला थर कानसेने हलके घासावा, आजूबाजूच्या त्वचेला व्हॅसलीन लावावे आणि चामखिळीवरच औषधाचा थेंब सुकू द्यावा; हे बारा आठवडे न कंटाळता करावे. ती कानस दुसऱ्या कोणी वापरू नये, कारण तिच्यावरून विषाणू पसरतो. पोटातून झिंक घ्यायचेच असेल तर ते या उपचाराच्या जोडीला घ्यावे, याच्या ऐवजी नव्हे. त्वचारोगतज्ज्ञांकडे उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनने गोठवण्याची सोय असते, आणि चामखिळीतच गोवर, गालगुंड आणि रुबेला यांवरच्या एमएमआर लशीची सुई देऊन प्रतिकारपेशींना तिथे बोलावण्याची पद्धतही अलीकडे रुळली आहे; पोटातल्या गोळीपेक्षा हा मार्ग मला अधिक तर्कशुद्ध वाटतो. बिब्बा, चुना किंवा रुईचा चीक मात्र कोणी लावू नये. बिब्ब्याने चामखिळीभोवतीची चांगली कातडी भाजून निघते आणि डाग कायमचा राहतो.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनी वरीलपैकी कोणतेही औषध स्वतःहून घेऊ नये. मधुमेहींनी पायाला सॅलिसिलिक अ‍ॅसिड लावू नये, चेहऱ्यावर आणि गुप्तांगावर ते कोणीच लावू नये. गुप्तांगावरच्या चामखिळी वेगळ्या प्रकारच्या विषाणूंच्या असतात आणि त्यांच्यासाठी पती-पत्नी दोघांनी तपासणी करून घ्यावी. प्रौढ माणसाच्या अंगावर थोड्या काळात पुष्कळ चामखिळी आल्या, किंवा एखादी रंग बदलू लागली, तिच्यातून रक्त येऊ लागले, तर गोळी मागण्यासाठी दुकानात न येता आधी डॉक्टरांना दाखवावे.